खांदशेकणी: पहिल्यांदाच हात लावणाऱ्यांसाठी

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकू. घरी बैलजोडी आहे, सातबाऱ्यावर आपलं नाव आहे, पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानात, जोडीपुढे उभं राहून फोटो काढून घ्यायचा हक्कही आपलाच आहे. पण बैलाच्या अंगाला आजवर हात लागला तो गड्याचा. तो गडी मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडेच रमला. पाडव्याला दुसरा मिळाला नाही. असे मालक मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीपासून वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शीपर्यंत गावोगाव सापडतात. त्यांच्यापैकी काहींनी कोरोनात पुण्याची नोकरी सोडली, काहींना नोकरीने सोडलं. शेतीचं बाकी सगळं मोबाइलवर शिकून झालं. राहिली ती खांदशेकणी, म्हणजे जू बसतं ती बैलाची खांद तूप-हळदीने चोळून शेकणं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती करायचीच असते आणि त्या वेळी सगळं घर दारात उभं राहून बघत असतं.

घोडेमालकांनी शेवटची शंका पाहावी. चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ते थोडे आहेत आणि बहुतेक वरातीच्या धंद्यात आहेत.

शास्त्र आधी की बैल आधी

नवशिक्याची पहिली ओढ मोबाइलकडे असते. तिथे जनावरांच्या मालिशचं जे काही आहे ते जवळजवळ सगळं घोड्यांचं. साहजिकच आहे. अमेरिकेत जॅक मीगर नावाच्या गृहस्थांनी 1970च्या दशकात तिथल्या घोडेस्वार संघाच्या घोड्यांना खेळाडूंसारखी मालिश सुरू केली. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या बाईंनी बोटांनी छोटी वर्तुळं काढण्याची एक पद्धत बसवली आणि ती जगभर शिकवली. पुढे त्याचे वर्ग निघाले, प्रमाणपत्रं निघाली. तिकडचे मालक आता आपापल्या घोड्याची पाठ स्वतःच चोळतात आणि त्याला उपचार म्हणतात.

त्या वर्गांत शिकवतात की घोडा सैलावला की जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड हलवून चघळल्यासारखं करतो. हे वाचून आपला नवशिक्या गोठ्यात जातो, बैलाच्या मानेवर दोन बोटं ठेवतो, बैल चघळतो. नवशिक्या धन्य. दुसऱ्या दिवशी हात न लावता नुसताच उभा राहिला तरी बैल चघळतो. तिसऱ्या दिवशी मालक वीजबिल घेऊन उभा होता, तेव्हाही चघळत होता. बैल दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करतो. त्याचं श्रेय तुमच्या बोटांना नाही. उलट बसलेला बैल रवंथ करायचा थांबला, ढेप पुढे ठेवूनही तोंड लावत नसेल, तर मालिश सोडा आणि पशुवैद्यकाला फोन लावा.

दुसरी फसगत कातडीची. हात ठेवला की बैलाची कातडी थरथरते. स्पर्श आत पोचला असं नवशिक्याला वाटतं. ती माशी होती.

मग बैलाला बरं वाटतंय हे ओळखायचं कसं? मान पुढे लांब होते, कान सैल पडून खाली लोंबतात, डोळे अर्धे मिटतात. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली गाईंवर हेच तपासलं होतं. गळ्याखाली आणि वशिंडाच्या जागी हात फिरवला की गाई मान लांबवतात, कान सोडतात. छातीच्या कडेला हात फिरवला तर तितकं नाही. गाई एकमेकींना चाटतात त्याही मुख्यतः डोक्या-मानेच्या बाजूला. आपल्याकडे गुरं राखणारं दहा वर्षांचं पोरगं बैलाशी दोस्ती करताना थेट पोळीखाली, म्हणजे गळ्याच्या त्या लोंबत्या कातडीखाली हात घालतं. त्याला व्हिएन्ना कुठे आहे ते ठाऊक नसतं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

कुठे उभं राहावं

खांद्याच्या बाजूला, बैलाच्या नजरेत. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त ऐन मागचं दिसत नाही. नवशिके नेमके तिथूनच येतात. घोडा लाथ मागे झाडतो. बैल पाय कडेने पुढे ओढून मारतो. त्यामुळे घोड्याच्या व्हिडिओत जी जागा सुरक्षित म्हणून दाखवतात, ती बैलाच्या बाबतीत गुडघा गमावण्याची जागा आहे.

येताना बोलत या. काय बोलता याला महत्त्व नाही. बैलाला नावाने हाक मारा. नाव माहीत नसेल तर घरच्या म्हातारीला विचारून घ्या. तिला बैलांची नावं नातवांच्या आधी आठवतात. हातात काठी नको, खिशात वाजता मोबाइलही नको. आणि तुतारी, म्हणजे टोकाला आर ठोकलेली ती काठी, कोपऱ्यात उभी असेल तर ती आधी गोठ्याबाहेर नेऊन टाका. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्राने केलेल्या नियमांत टोकदार काठीला बंदीच आहे. त्याच नियमांत असंही आहे की दिवसात नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये, पाच तासांहून जास्त सलग जुंपू नये, आणि जिथे तापमान 37 अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावू नये. चंद्रपूरचा पारा मार्चमध्येच 37च्या वर जाऊन बसतो आणि मे महिन्यात 47 बघतो. म्हणजे इथल्या बैलाला कायद्याने अडीच-तीन महिने दुपारची झोप मंजूर आहे. बैलाला हे अद्याप कोणी कळवलेलं नाही.

खांद म्हणजे नेमकं काय

मानेचा मागचा भाग आणि वशिंड यांच्या मधली ती जागा, जिथे जू बसतं. हात ठेवून पाहा. नव्या बैलाची तिथली कातडी इतर अंगासारखीच मऊ लागते. चार-पाच हंगाम काम केलेल्या बैलाची जाड, केस उडालेली, काळपट असते. ती जाड झाली म्हणून बिघडत नाही. राबणाऱ्या माणसाच्या तळहाताला जसे घट्टे पडतात तसंच ते. बिघाड आहे तो सुजेत, चिरेत आणि जखमेत.

एक गोष्ट शाळेत कोणी शिकवली नसेल ती सांगतो. बैलाला हासळीचं हाड नसतं. माणसाचा हात त्या हाडाने छातीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. बैलाचे पुढचे पाय हाडाने कशालाच जोडलेले नसतात. सगळं धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. त्यात शरीराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्याच पायांवर. वर जू, खाली चिखल. चिखलणीला एक पाय बांधीतून उपसून पुढे टाकताना तो सगळा खेळ मान, खांदा आणि वशिंडाखालच्या स्नायूंवर होतो. वशिंडही नुसती चरबी नसते, त्यात स्नायू भरलेले असतात. म्हणून खांदशेकणी करताना हात एवढ्याशा काळ्या पट्ट्यावर फिरवून थांबायचं नाही. मानेच्या बाजूंनी, फऱ्याच्या हाडाच्या पुढे-मागे आणि वशिंडाच्या बुडाशी गेलं पाहिजे.

आता पोळा श्रावणातल्या अमावास्येलाच का, याचाही विचार करा. आपला भाग धानाचा. आषाढ-श्रावणात पऱ्हे काढले, चिखलणी झाली, रोवणी आटोपली. बैलाचं वर्षातलं सगळ्यात जड काम नुकतंच संपलेलं असतं आणि ते सगळं भर पावसात झालेलं असतं. भिजलेली कातडी नरम पडते, भिजलेलं जू जड होतं, दोघांच्या मध्ये चिखलाचे कण जातात. खांद सोलायला आणखी काय लागतं? ज्या कोणी हा सण या तिथीला बसवला त्याला बैलाची खांद कधी दुखते हे नक्की माहीत होतं.

कठाणी बैल असेल तर तुमचं नशीब चांगलं. आपल्याच भागातली ही जात, अंगाने बेताची, चिखलात चपळ. गावठी म्हणून तिला आपण इतकी वर्षं नाकं मुरडली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 2023च्या सुरुवातीला तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हापासून लोक तिच्याबरोबर फोटो काढू लागले.

साहित्य

लोणी किंवा तूप, वाटीभर. हळद. पळसाची पानं, ताजी. एक सुती फडका, कोमट पाणी. घरात तुपाची वाटी मागायला गेलात की सासूबाई किंवा आई विचारतील, किती? उत्तर देऊ नका, वाटी पुढे करा. जितकं मिळेल तितकं बैलाचं. काही घरी तुपाऐवजी जवसाचं किंवा करंजीचं तेल वापरतात. करंजीच्या तेलाच्या वासाने माशा दूर राहतात, त्यामुळे पावसाळ्यात ते शहाणपणाचंच. बाजारात मिळणारा थंड-गरम करणारा माणसांचा मलम आणू नका. बैलाला खांद्यावर आग झाली तर तो तुम्हाला सांगणार नाही, थेट गोठ्याच्या खांबाला सांगेल.

कृती

आधी अंग धुवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी नदी-तळ्यावर सगळ्या गावाचे बैल येतात. नवशिक्याने गर्दी व्हायच्या आत जावं, म्हणजे आपली पकड सुटलेली कमी लोक बघतील. तणसाचा बोळा करून पाठ, पोट, मांड्या घासा. हेही मालिशच आहे आणि शेकण्याहून उपयोगी आहे, कारण घासताना तुमचा हात पहिल्यांदाच सगळ्या अंगावरून फिरतो. कानांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी, पोळीच्या वळीत आणि मांडीच्या सांध्यात गोचिड्या सापडतील. त्या सापडल्या की तुम्ही वर्षभर काय पाहत होतात हा प्रश्न स्वतःला विचारून, पुढे व्हा.

संध्याकाळी बैलाला गोठ्यात मोकळं उभं करा. दोन्ही तळहात खांद्यावर ठेवा आणि थोडा वेळ काहीच करू नका. नुसते ठेवा. डावी बाजू उजवीहून गरम लागते का? एका बाजूला फुगवटा आहे का? दाबल्यावर बैल मान झटकून बाजूला होतो का? बहुतेक नवशिके इथेच घाई करतात; त्यांना हळद लावायची असते, कारण फोटोत पिवळं दिसतं. तपासणी फोटोत दिसत नाही.

सगळं ठीक वाटलं तर तूप-हळद हाताला घेऊन वशिंडापासून मानेकडे आणि परत, तळहाताने, हळूहळू. भाकरीचं पीठ मळायचा जोर नको. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. कातडी हाताबरोबर थोडी सरकली पाहिजे. ती आतल्या मांसाला चिकटल्यासारखी लागत असेल तर तिथे जास्त वेळ द्या. मग पळसाची पानं तव्यावर किंवा निखाऱ्यावर कोमट करून खांद्यावर धरा. काही घरी पानांऐवजी कोमट पाण्यातून पिळलेला फडका ठेवतात. पान आधी स्वतःच्या गालाला लावून बघा. गालाला सोसलं तरच खांद्याला.

हे करताना बैलाला दुसऱ्या दिवसाचं निमंत्रण द्यायचं असतं: आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. नवशिक्या इथे लाजतो. लाजू नका. घरातली मोठी माणसं हे वाक्य अगदी सरळ चेहऱ्याने म्हणतात, तसंच म्हणा. आवाज फार नाटकी केलात तर बैल काही म्हणणार नाही, पण शेजारचे काकाजी म्हणतील, "वडसाच्या नाटकात घेतला का तुले?" झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या या भागात, हा शेरा दोन्ही अर्थांनी घेता येतो. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, दिवसा आणि नाटक रात्री, अशी इथली जुनी रीत. बैल आणि रंगभूमी यांचं नातं आपल्याकडे मुंबईहून जास्त जवळचं आहे.

हात लावायचा नाही ते

हे प्रकरण दोनदा वाचा. गंमत इथे बंद.

खांद ताजी सुजली असेल, गरम असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर शेकू नका. पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याचा फडका आणि पूर्ण विश्रांती. शेक उपयोगी पडतो तो जुन्या, थंड, घट्ट झालेल्या सुजेला. ताज्या सुजेवर गरम पान ठेवून चोळणं म्हणजे ती वाढवणं. मऊ, पाण्याने भरल्यासारखी गाठ असेल तर ती दाबून फोडायची नाही. आत पू आहे की नुसतं पाणी, ते डॉक्टरांनी पाहायचं. जखम उघडी असेल, वास येत असेल, तर किडे पडले असतील. सीताफळाचा पाला चोळणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही दवाखान्यात न्या.

पावसाळ्यात तरुण, धष्टपुष्ट जनावर अचानक लंगडायला लागलं, अंगात ताप, आणि मांडीवर किंवा फऱ्यावर सूज; ती सूज बोटाने दाबली की आतून करकर आवाज येतो. हा फऱ्या रोग. अंग आखडलंय म्हणून मालिश करत बसलात तर रात्रीतून जनावर जातं. आखडलेल्या स्नायूत आवाज होत नसतो, तो आवाज आत साठलेल्या वायूचा आहे. गळा सुजून श्वास घरघरत असेल तर घटसर्प. दोन्हींच्या लसी पावसाळ्याआधी टोचून घ्यायच्या असतात, आणि त्या टोचून घेणं हेसुद्धा बैलाच्या अंगाचं काम आहे. अंगभर गाठी असतील तर लंपी. त्याच साथीमुळे 2023 साली कित्येक ठिकाणी आखरावर बैल जमवू दिले नव्हते, पोळा घरच्या घरी झाला. त्या गाठी चोळून जिरत नाहीत.

शेवटचं आपल्या जंगलापुरतं. सकाळी चरायला गेलेला बैल संध्याकाळी मानेवर दातांचे खोल व्रण घेऊन परतला, तर ती खांदसूज नव्हे. वनरक्षकाला कळवा, पंचनामा होईल. व्रणांना हळद लावून पुरावा पिवळा करू नका, डॉक्टरांना बोलवा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच झुडपात बाकीची गुरं सोडू नका, हे ताडोब्याच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको, पण पुण्याहून आलेल्याला सांगावं लागतं.

आता खरं काम: जू

इथवर वाचून तुम्हाला वाटत असेल की मालिश आली. आली. पण खांद का दुखली ते पाहिलं नाही तर तूप वाया गेलं. घरातल्यांनाही त्याचं जास्त वाईट वाटेल.

जू भिंतीवरून उतरवा आणि उलटं करा. मानेवर बसणारा भाग हाताने चाचपा. खडबडीत आहे? कुठे गाठ, कुठे खिळ्याचं टोक, कुठे चीर? मानेचा आकार गोल आणि जुवाचा लाकडी ओंडकाही गोल. दोन गोल वस्तू एकमेकींना टेकल्या तर टेकण्याची जागा बोटभरच राहते. सगळी ओढ त्या बोटभर जागेवर येते. बैल सलग ओढू शकतो ती ओढ ढोबळमानाने त्याच्या वजनाच्या एक दशांश. तीनशे किलोच्या बैलाची तीस किलो. हीच ओढ तळहाताएवढ्या रुंद, गुळगुळीत, मानेच्या वळणाने तासलेल्या भागावर पडली तर खांद टिकते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने अशी रुंद बैठकीची सुधारलेली जुवं केली आहेत. ती आली नाहीत तरी गावात सुतार आहे. रंधा त्याच्याकडे आहे. त्याला पोळ्याच्या आधी बोलवा, पोळ्यानंतर तो रब्बीच्या तिफणींत अडकतो.

मग जोडी बघा. एक बैल उंच, एक ठेंगणा असेल तर जू तिरपं बसतं आणि ठेंगण्याची खांद जास्त घासली जाते. जोडी बदलणं परवडत नसेल तर निदान एवढं करा: नाडा जुवाच्या ऐन मध्ये न बांधता दमदार बैलाच्या बाजूला चार बोटं सरकवा. अशक्त बैलाच्या बाजूचा दांडा लांब झाला की त्याच्या वाट्याची ओढ कमी होते. तराजूची दांडी पाहिलेल्या कोणालाही हे कळतं, पण सगळे नाडा मध्येच बांधतात, कारण मध्ये बांधलेला न्याय दिसायला बरा दिसतो.

जोतं, म्हणजे गळ्याखालचा पट्टा, फार आवळलेलं असेल तर गळ्याला घासतं, सैल असेल तर जू पुढे-मागे सरकून खांद सोलतं. दोन बोटं जातील इतकी जागा ठेवा. शिवळांची, म्हणजे जुवातल्या खुंट्यांची, टोकं तासून घ्या. बंडीत धानाची पोती भरताना सगळं वजन पुढे रचलंत तर ते जुवावर दाबतं, मागे रचलंत तर जू वर उचलून बैलाचा गळा धरतं. चाकाच्या आसावर तोलून भरा. आणि उन्हाळाभर गोठ्यात उभ्या राहिलेल्या बैलाला मृगाच्या पहिल्या दिवशी दिवसभर जुंपू नका. आधी तासभर, मग दोन तास, अशी आठवडाभर खांद मुरू द्या.

शंकरपटवाल्या मालकांना हे सगळं कोणी शिकवायला नको. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या मधल्या सात-साडेसात वर्षांत पटाचे बैल नुसते बांधून पोसणारे, रोज अंग चोळणारे मालक या भागात होते. त्यांचा बैल एका दाणीत, म्हणजे शर्यतीच्या पट्टीत, काही सेकंद पळतो आणि वर्षभर मालिश घेतो. तुमचा वर्षभर नांगर ओढतो आणि एका संध्याकाळी मालिश घेतो. दोघांचे मालक स्वतःला बैलवेडे म्हणवतात.

पुढचा अभ्यासक्रम

बैलावर हात बसला आणि हौस वाढली तर अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला जाऊन या. वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे, राज्यातला असा हा एकच. इथल्या हत्तींच्या आधीच्या पिढ्यांनी सिरोंचा-आलापल्लीच्या जंगलातलं सागवान ओढलं. ओढकाम संपलं, कॅम्प राहिला. दर हिवाळ्यात, साधारण जानेवारीत, या हत्तींना दहा-एक दिवसांची रजा मिळते. त्या दिवसांत कॅम्प पर्यटकांना बंद. पहाटेच्या थंडीत औषधी वनस्पतींचा लेप शिजवून गरमगरम त्यांच्या पायांना लावतात. त्याला तिथले लोक चोपिंग म्हणतात. हत्तीच्या तळव्यात चरबीची गादी असते आणि सगळं वजन तिच्यावर. थंडीत तळव्याला भेगा पडल्या की चालणं मुश्कील होतं. म्हणून हे शेकणं. 2022 मध्ये हे हत्ती गुजरातेत जामनगरला नेणार अशी बातमी आली, तेव्हा गडचिरोलीकरांनी मोर्चे काढले. ज्यांनी कधी हत्तीला हात लावला नव्हता तेही त्यात होते.

नवशिक्याने तिथे लांबून पाहायचं आणि माहूत हत्तीला पाय उचलायला कसं सांगतो ते ऐकायचं. ओरडत नाही. रजा हा उपचाराचाच भाग आहे, हे सरकारी खात्याला मान्य आहे, हेही टिपून घ्या. आपल्या बैलाची रजा पोळ्याला एक दिवसाची आणि तीही सजवण्यात जाते: शिंगांना रंग, बेगड, मठाट्या, झूल, दुपारभर उन्हात तोरणाखाली उभं राहणं, वर झडत्यांचा, म्हणजे पोळ्यातल्या गाण्यांचा, आरडाओरडा. पोळा फुटल्यावर घरोघर ओवाळून घेणं. यात त्याला विश्रांती कुठे मिळाली, ते मला आजवर कळलेलं नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडातून गडचिरोलीत शिरलेला रानटी हत्तींचा कळप हा निराळा विषय. त्यांना मालिश नको असते, उभं धान हवं असतं. कमलापूर पाहून आलेला आत्मविश्वास तिथे वापरू नये.

काही शंका

गड्याला परत बोलवावं का? बोलवा. पोळ्याला बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, मागायला तो येईलच, तेव्हा बैल त्याच्याकडे मान वळवतो की तुमच्याकडे, ते बघा. त्याच्याकडे वळवली तर वाईट वाटून घेऊ नका, बोजारा वाढवा आणि पुढच्या वर्षाचं बोलणं तिथेच करून टाका.

ट्रॅक्टर असताना बैल कशाला? लहान बांध्या, अरुंद धुरे, खोल चिखल. ट्रॅक्टर फिरवायला जागा लागते. शिवाय ट्रॅक्टरच्या भाड्याला पोळा नाही आणि शेण नाही.

बायकोला किंवा लेकीला मालिश येत असेल तर? मग तुम्ही कासरा धरा. बऱ्याच घरी बैलाला वैरण-पाणी, शेण-गोठा तेच हात करत असतात. फक्त खांदशेकणीला पुरुष पुढे होतो. बैलाने याबाबत मत दिलं तर तो कोणाजवळ उभा राहील ते तुम्हालाही ठाऊक आहे.

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला खांदशेकणी करावी का? पोरांना करू द्या, सराव होतो. तूप मात्र खऱ्या बैलाला.

हीच पद्धत घोड्याला चालेल का? हात चालेल, जागा बदला. घोड्याची ओढ मानेवर नसते, बसणाऱ्याचं वजन पाठीवर असतं. तेव्हा खोगीर उलटं करून त्याच्या आतली गादी चाचपा, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब बसतो का ते पाहा, घामाचे कोरडे राहिलेले डाग शोधा, कारण ऐन दाबाच्या जागी घाम येत नाही. चंद्रपुरात लग्नसराईत घोडं भाड्याने घेणाऱ्या वरपक्षाने मात्र यातलं काहीच शिकायची गरज नाही. नवरदेवाचं वजन किंवा डीजेचा आवाज, दोन्हींपैकी एक कमी केलं तरी घोड्याला पुरे.